धावपट्टीवरच्या मिरच्या
मिरची भाजल्याचा ठसका लागला की मला साताऱ्याजवळचा तो माळ आठवतो. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, आणि महाबळेश्वरी हवा खायला निघालेली मुंबईची माणसं घेऊन उन्हाळ्यापुरतं एक लहानसं विमान तिथं उतरायचं. आमचे मालक तिथले राखणदार. पट्टीवर गुरं आली की त्यांनी लाल फडकं पसरायचं, म्हणजे विमान वरच घिरट्या घालायचं. रूळ फिरवलेली ती पट्टी आमच्या खळ्यापेक्षा गुळगुळीत. विमान शनिवारचं, म्हणून शुक्रवारी सासूबाईंनी आणि मी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या तिथंच वाळत घातल्या. आणि त्याच दिवशी, एक दिवस आधीच, भर दुपारी घरघर ऐकू आली! विमान खाली यायचं, लाल बघून पुन्हा वर जायचं. मी पदरात मिरच्या भरत सुटले, हातांची आग, डोळ्यांतून धारा, आणि डोक्यावर ती घरघर थांबेना. सासूबाई मिरच्यांत फतकल मारून बसल्या. "वर्साची चटणी हाय माजी, मी न्हाई उठायची!" मालक धावत आले, "आये, त्येचं पेट्रोल सपंल, मान्सं हायती त्यात!" सासूबाईंनी एकदा वर बघितलं, उठल्या, आणि स्वतःच खराटा घेऊन सगळ्या मिरच्या काट्याकुट्यात लोटल्या. विमान उतरलं, पंख्याच्या वाऱ्यानं उरलेला मिरचीचा खकाणा उडाला. पहिली उतरलेली बाई शिंकत म्हणाली, "इथली हवा अशीच का हो?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "न्हाई बाई, वर डोंगरात लय गार हाय." ते वर्ष आम्ही भाकरी मिठाशी खाल्ली. आता ठसका लागला की सून खिडकी उघडायला धावते. मी आधी आभाळाकडं बघते.