पातं लाकडात शिरलं की येणारी हाक

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी जन्मभर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. माझी शाळा चौथीपर्यंत. पण लाकडात खोट कुठं आहे ते मला नुसतं बोट फिरवून कळतं, आणि माणसातली त्याच्याही आधी कळते, असा माझा तोरा. तो तोरा अजून आहे. तरी ही हकिगत लिहायला बसलोय, कारण माझा थोरला भाऊ आता नाही आणि त्याच्या डाव्या हाताचं काय झालं ते खरं सांगणारा मीच एक उरलोय. नातीनं ऱ्हस्व-दीर्घ तपासलंय, बाकी तिला एक शब्द बदलू दिला नाही.

आम्ही मूळचे पारनेर तालुक्यातले सुतार. बहात्तरच्या दुष्काळात गावात कामच राहिलं नाही. पेरणीच नाही तर नांगर-कुळव दुरुस्तीला आणणार कोण? तिकडं राहुरीला नव्या इमारती उठत होत्या, त्यांच्या खिडक्यांचं काम मिळालं. धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. दार रस्त्याकडं, समोरच्या भिंतीला एकच खिडकी, खिडकीखाली रंधा मारायचं टेबल. मधोमध मशीन. मशीनवर उभा राहणाऱ्याची पाठ दाराकडं आणि तोंड खिडकीकडं. मेन स्विच खिडकीशेजारी, म्हणजे मशीनच्या पलीकडं. ही जागा ध्यानात ठेवा.

मशीन म्हणजे गोल करवत. लिलावातून आलेलं जुनं धूड. खाली मोटर, उजव्या अंगाला पट्टा, वर दांड्याला पातं. डाव्या हातानं लाकूड धरायचं, उजव्या हातानं पातं वरून खाली ओढायचं. दांडा फिरवून तिरपा लावला की खिडकीच्या पट्टीचा कोपरा असा कापून निघायचा की दोन पट्ट्या जुळवल्यावर मधून केस जायचा नाही. हातकरवतीनं दिवसभरात जेवढं व्हायचं तेवढं जेवणाआधी हातावेगळं व्हायचं.

मशीन बसवून दिलं नगरच्या उस्मानभाई मिस्त्रींनी. म्हातारा माणूस, अख्खी हयात करवतीपाशी गेलेली, आणि हाताची दहाही बोटं शाबूत. ती पुढं धरून म्हणाले, "ही बघा माझी डिग्री. पात्यापासून हात वीतभर लांब. लाकूड शिकंज्यात आवळा. गळ्यात-खांद्यावर कापड नको. पट्ट्यावरचं पत्र्याचं कव्हर काढायचं नाही. आणि मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही सांगायचं तर पुढं येऊन उभं राहा, तो बघेल तेव्हा बोला."

यातलं शेवटचं तेवढं आम्ही कडक पाळलं. शिकंज्याचे वळ सागावर उठतात म्हणून दादा लाकूड हातानंच धरायचा. आणि कव्हर मी काढलं. पट्टा सारखा घसरायचा, दर वेळी चार स्क्रू कोण काढणार? टाकलं माळ्यावर.

पहिली हाक मला आली. दुपार होती, शेडमध्ये लख्ख उजेड. पातं लाकडात शिरलं आणि मागून दादाचा आवाज आला... "म्हादू."

मी वळलो नाही. काप पुरा केला, पातं वर घेतलं, बटण बंद केलं, पातं थांबू दिलं. मग बघितलं तर मागं उघडं दार आणि मोकळा रस्ता. दादा समोर टेबलाशी, ओठांत चार खिळे धरून.

"हाक कशाला मारली? पातं लाकडात हुतं," मी चढ्या आवाजात म्हणालो.

त्यानं खिळे तळहातावर काढले. "तोंडात खिळे हुते. हाक काय नाकानं मारू?"

"मला ऐकू आली."

"मग कानात भुसा गेलाय तुझ्या. काड जा."

हसलो आम्ही. दोन दिवसांनी दादा मशीनवर होता आणि मी समोर पट्ट्या मोजत होतो. काप झाला, त्यानं मशीन बंद केलं आणि दांडा धरून तसाच उभा राहिला. घामानं भिजलेला.

"म्हादू, तू आत्ता मला दादा म्हनालास का?"

"मी तुज्या समोर हाय. माझं तोंड दिसत न्हवतं का?"

"दिसत हुतं," तो म्हणाला. "मिटलेलं हुतं."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

भीती कशाची, ते नीट सांगतो. करवत लाकडात असते तेव्हा शेजारी उभ्या माणसानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. आणि ही हाक मोठी नसायची. जेवताना दादा मला "म्हादू, भाकर घे" म्हणायचा ना, त्या आवाजात. हळू. तरी एक एक अक्षर स्वच्छ ऐकू यायचं. आणि पातं लाकडात असेल तेव्हाच, आधी नाही, नंतर नाही. मी एकदा कानात कापूस घालून बघितला. करवतीचा आवाज निम्मा झाला... आणि हाक आणखी जवळ आली. मानेच्या मागं ऊब लागावी इतकी. त्या रात्री भाकरीचा तुकडा मोडताना माझा हात कापत होता. ज्याला सकाळी पात्याखाली हात घालायचाय त्याचा हात कापला तर काय होतं, हे सुताराला सांगावं लागत नाही.

उस्मानभाई पट्टा बघायला आले तेव्हा दादानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मशीनभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले.

"कव्हर कुठंय?"

"माळ्यावर," मी म्हणालो.

"आधी ते लावा. बाकीचं मला काही कळत नाही."

मी हो म्हणालो आणि लावलं नाही. मिस्त्री म्हातारा झालाय असं वाटलं मला.

दादा म्हणाला, "म्हादू, मशीन इकून टाकू. हातानं कापू, वाईच वेळ लागंल."

"भ्यालास?"

"व्हय, भ्यालो. धा बोटं घिऊन आलोय, धा घिऊन घरी जायचंय."

"लोकं इचारतील का इकलं, तर काय सांगायचं? हाक येत हुती?" मी म्हणालो. "बायकांनी हसावं अशी पाळी आणतो का दादा?"

त्यानं टेबलावरची पट्टी उचलली. थोरला होता, पण माझ्या जिभेपुढं त्याचं कधी चाललं नाही. मग आम्ही आपसात ठरवलं. कुणाचीही हाक येऊ दे. मी मारली तरी, त्यानं मारली तरी. पातं खाली असताना वळायचं नाही. मला हे लई शहाणपणाचं वाटलं होतं. मीच काढलेली युक्ती.

चारच दिवस झाले असतील. दुपारी मी बाहेरच्या मडक्यातून पाणी पिऊन आलो आणि दारात थांबलो. दादा मशीनवर, माझ्याकडं पाठ. भुसा नाकात जातो म्हणून त्यानं पंचा नाकातोंडावरून घेऊन मागं मानेवर गाठ मारली होती. ती गाठ सैल झालेली. पंच्याचं एक टोक उजव्या खांद्यावरून घसरून खाली लोंबत होतं, आणि त्याच्याखाली तो उघडा पट्टा पळत होता. टोक वाऱ्यानं हलत होतं. एकदा पट्ट्याला शिवलं, पुन्हा उडालं. पट्ट्यात गेलं असतं तर पंच्याबरोबर मान ओढली गेली असती.

मी ओरडलो. "दादा! पंचा!"

त्याचे खांदे आखडलेले मला दिसले. मान ताठ झाली. म्हणजे त्याला काहीतरी ऐकू गेलं होतं. पण तो वळला नाही. बटणाला हात लावला नाही, मागं सरला नाही. ठरल्याप्रमाणं पातं खाली ओढत राहिला.

मी धावलो. मागून हात लावला असता तर तो दचकून पात्यावर गेला असता. मशीनला वळसा घालून, लाकडी पट्ट्यांच्या ढिगात पाय अडकून गुडघ्यावर पडलो, उठलो आणि मेनचा दांडा खाली ओढला. मोटर बंद झाली, पण पट्टा लगेच थांबत नसतो. त्याच शेवटच्या फेऱ्यांत टोक सापडलं. पंचा ताणला, गाठ सुटली, पण सुटायच्या आधी त्यानं दादाला एक हिसका दिला. डावा हात पट्टीवरून पुढं, फिरत्या पात्याखाली गेला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. पेरापासून.

दादा ओरडला नाही. हात उजव्या मुठीत धरून खाली बसला आणि माझ्याकडं असं बघायला लागला, जसं मी कोण आहे हे त्याला ठरवायचंय. दुधाच्या गाडीतून त्याला नगरला दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी दादा पहिल्यांदा बोलला. हाताला एवढं मोठं बँडेज, मानेवर पंच्याचा लाल वळ. मी मोसंबी सोलत बसलो होतो. माझी मान खाली.

"दादा, मी हाक मारली हुती रं," मी म्हणालो. "तू वळला न्हाईस."

"वळनारच हुतो."

"मग?"

तो आढ्याकडं बघत राहिला. "मागनं हाक आली, दादा म्हणून. मला वाटलं खरंच तू हायेस, वळावं. तेवढ्यात फुडनं आवाज आला. पात्याच्या पलीकडनं, माज्या तोंडाम्होरं. तुजाच आवाज. म्हनाला, दादा, मागं बघू नको. ते मी न्हवं."

माझ्या हातातली फोड खाली पडली.

"फुडं कोन हुतं?" मी विचारलं.

"कुनी न्हवतं. खिडकी हुती." मग त्यानं मान वळवून सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "दोन आवाज आलं, म्हादू. दोनी तुजं. त्यातला तू कंचा?"

"मागचा," मी म्हणालो. "मागचा मी. देवाशपथ."

त्यानं डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाला. "मागनं आलेला लई हळू हुता. जेवताना बोलतोस तसा. आन नुसतं दादा म्हनाला."

बाकीची मोसंबी सोलून त्याला एकेक फोड भरवली.

मशीन मी त्याच आठवड्यात मोडीत घातलं. पुढं कुणी विचारलं तर पट्टा घसरायचा म्हणून सांगितलं. दादानं उरलेल्या आठ बोटांनी पुढं बरीच वर्षं काम केलं आणि कव्हर कुणी काढलं होतं हे मला एकदाही बोलून दाखवलं नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

लोक म्हणतात, भीतीनं भास होतात. होत असतील. माझ्याजवळ याचा खुलासा नाही आणि आता या वयात कुणाकडून मिळेल असंही वाटत नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारी दारात उभा राहून मी छाती फुटेस्तोवर ओरडलो होतो. पंचा म्हणालो होतो. ती हाक माझ्या भावापर्यंत पोचलीच नाही.