कोऱ्या रकान्याची शिफ्ट

सत्तरच्या दशकात मी लोणावळ्याहून लोकलनं पिंपरीकडच्या एका कारखान्यात कामाला जायचे. काम संगणकाचं. प्रोग्रॅम लिहायचा, तो कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा आणि मशीनला वाचायला द्यायचा. माझा मामा त्याच कारखान्यात मजूर होता. तो आंदर मावळातून कामशेत स्टेशनपर्यंत रोज चालत यायचा.

एकदा सगळ्यांच्या शिफ्ट नव्यानं लावायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड, त्यात शिफ्टचा रकाना. ज्याला जी हवी ती त्यानं कळवायची. नाही कळवली तर रकाना कोरा, आणि कोरी जागा मशीन शून्य म्हणून वाचायचं. शून्य आलं की काय समजायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवायचं असतं.

"पहिली शिफ्ट समज," साहेब म्हणाले. "जो बोलत नाही त्याला काहीही चालतं."

मला आधी मामाच आठवला. मामा नऊच्या जनरल शिफ्टचा. पहिली शिफ्ट सातला सुरू व्हायची; त्या वेळेला पोचवणारी गाडी त्याला गावाहून चालत येऊन मिळणं शक्यच नव्हतं, आणि सारखा उशीर करणाऱ्याला तेव्हा सरळ घरी बसवत.

संध्याकाळी मामाबरोबर कामशेतला उतरले. म्हटलं, "मामा, जनरलच पाहिजे म्हणून कळव की!"

"आपुन कशाला तोंड वेंगाडायचं? मी कवा येतो ते त्यास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

काय डोकं फोडायचं या माणसापुढे! पण त्याचं तरी काय चुकलं? कामशेतच्या गिरणीत आमची माणसं भाताचं पोतं ठेवून मुकाट निघून येत. गिरणीवाला तांदूळ काढून ठेवायचा. पोहे हवे असतील त्यानंच तेवढं बोलायचं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांशी भांडलेच. "न बोलणाऱ्याला चालतं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? रकाना कोरा असेल तर आहे तीच शिफ्ट राहू द्या."

"म्हणजे सध्याच्या शिफ्टची जुनी कार्डं पुन्हा वाचायची? नसती कटकट!"

"मी बसते ना मशीनकडून वाचून घेत."

"बस मग," साहेब वैतागून म्हणाले. नवी कार्डं पाहिली तर मावळातल्या बहुतेकांचे रकाने कोरे. सगळे होते तिथेच राहिले.

रविवारी मामा आमच्याकडे चहाला आला. बशीत फुंकर घालत म्हणाला, "उगंच माझा जीव खाल्लास. बघ, न सांगता कळलं का न्हाई त्यास्नी?"

अस्सा राग आला मला! तरी न विचारताच त्याच्या बशीत आणखी चहा ओतला.