तिला विचारलंच नाही

लातूरच्या एका दंत महाविद्यालयात मी शिकवते. एकदा रेणापूरहून एक बाई तिच्या तिशीतल्या गतिमंद मुलीला घेऊन आली. विद्यार्थी भोवती उभे होते. दुखरा दात कुठला, हे मी आईलाच विचारलं. तिनं अंदाजानं खालची दाढ दाखवली. मुलगी तोंड फिरवू लागली, तशी मी विद्यार्थ्यांना म्हणाले, "अशा पेशंटचे हात धरावे लागतात." त्यांनी धरले.

एक विद्यार्थिनी मात्र तिच्यापाशी वाकून म्हणाली, "ताई, तुम्हीच दाखवा की." हात सोडताच तिनं वरच्या दाढेवर बोट ठेवलं. "हितं लई दुखतंय."

तीच दाढ किडलेली होती. उपचार झाले, पण सगळ्यांसमोर तिची माफी मागायची माझी हिंमत झाली नाही. अशा पेशंटना कसं तपासायचं हे शिकवताना ती चूक मी अजूनही सांगत नाही.