नवसाची लाट

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "दत्ता, समुद्राचं सांग बे एखादं!" कोकणात आमच्या चारच खेपा झाल्या, पण किश्शांनी पोतं भरलंय, तोंड बांधायला सुतळी पुरेना!

आम्ही तिघं. मी, तलवाड्याचा शेळ्या राखणारा सर्जेराव आणि आमचे अण्णा, माजी सरपंच. बीडच्या वसतिगृहात एका खोलीत वाढलो, पन्नाशीही एकदमच ओलांडली. देवदर्शनाला कोकणात गेलतो. तिथं पांढऱ्या मिशीचा एक माणूस फळीवर उभा राहून लाटेबरोबर थेट किनाऱ्याला आला. सर्जेराव घास हातात धरून बघतच राहिला.

"ह्यो राहतोय उभा, तर आपण कावून न्हाई?"

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सर्फिंगच्या क्लासला.

*

सर म्हणाले, "आपापला बोर्ड निवडा." मी बारका, चकचकीत, निळा उचलला.

"हा पोरांचा. तुमच्या वजनाला लांब-रुंद घ्या."

मी कशाला ऐकतोय! अर्धा दिवस बोर्ड एकीकडं आणि मी एकीकडं. दुपारी गुपचूप रुंद घेतला, पालथा पडलो, आणि मागून आलेल्या लाटेनं असं अलगद उचललं... आईशप्पथ, लहानपणी बापानं खांद्यावर घेतलं होतं, त्यानंतर असं कुणी उचललं नव्हतं! आनंदानं बोंब ठोकली. अण्णांना वाटलं, बुडालो!

*

सर्जेरावानं बोर्ड बघितला तो बाजारात जनावर बघतात तसा. पाठीवर थाप मारली, शेपटीकडून वाकून पाहिलं.

"ह्याची खोड काय हाय?"

सर गांगरले. "खोड? लवकर वळत नाही. पण शांत आहे, सहसा पाडत नाही."

"मंग गरीब हाय. हेच द्या."

त्या गरिबानं दोन दिवस त्याला आपटलं! संध्याकाळी नाकातलं खारं पाणी शिंकरत म्हणतो, "जनावराची चूक न्हाई. वळख पटंपर्यंत आसंच."

*

पहिले उभे राहिले ते अण्णा, हे मान्यच करावं लागतं. काठावरच्या लोकांनी कौतुकानं हात हलवले. आणि अण्णांनी काय करावं? जन्माची सवय! दोन्ही हात जोडून मान झुकवली. मानेपाठोपाठ अण्णाही झुकले, ते थेट पाण्यात. वर आले तरी हात जोडलेलेच!

"लोकांनी हात केला आन् आपण जोडले न्हाई, तर इलेक्शनला कोन विचारतंय?"

"अण्णा, हितं तुमचं मतदान न्हाई!"

*

मी तो रुंद बोर्ड विकतच घेतला. जीपच्या टपावरून चौसाळ्यात उतरवतोय, तर शेजारचे म्हातारबा काठी टेकत आले.

"पवनचक्कीचं पातं का रं? लई बारकं हाय."

"पिल्लू हाय, बाबा."

"मंग सावलीत ठेव."

*

सर्जेराव मात्र काही उभा राहिला नव्हता आणि ते त्याला आतून खात होतं. घरी आल्या आल्या त्यानं नवस बोलायला नारायणगड गाठला, पायरीशी चपला काढल्या, त्या पुन्हा घातल्याच नाहीत.

"लाटेवर उभा राहीन, तवाच पायात घालीन."

बाभळीच्या काट्यांतून शेळ्यांमागं अनवाणी! त्यात शुगर. डॉक्टर ओरडले, "चपला घाला, नाहीतर पाय गमवाल." आम्ही हातापाया पडलो. ऐकेल तर शपथ!

इंदूवहिनी, त्याची बायको, रोज सुईनं काटे काढायच्या आणि तोंडानं टोचायच्या. "लेकीच्या लग्नाला नवस बोलला न्हाईत, आन् फळीसाठी?"

काटा निघाला की हा बाजेवर पालथा पडायचा आणि झटक्यात उभा राहायची प्रॅक्टिस. "बाज हालती तशीच लाट हालती." बाज दोनदा विणून घ्यावी लागली. दुसऱ्या खेपेला गुडघ्यावर आला. तिसऱ्या खेपेलाही गुडघ्यावरच.

*

चौथ्या खेपेला वहिनी स्वतः जीपमध्ये बसल्या. मांडीवर कापडी पिशवी, कुणाला हात लावू देईनात. "ह्या बारीला उभे न्हाई राहिले, तर त्या फळीवर भाकरी भाजते."

सर्जेराव सकाळपासून पडत होता. तळव्याला फडकं बांधलेलं, ते केव्हाच सुटून गेलं. सर म्हणाले, "आता पुरे." हा म्हणाला, "आजून येक."

ती लाट आली. तो गुडघ्यावर आला, मग एक पाय, मग दुसरा. आणि उभा! शेळ्या हाकतात तसं "हिर्रर्र! हिर्रर्र!" करत लाटेला हाकत थेट काठाला आला. बोर्ड वाळूत रुतला. अण्णांना रडू आवरेना.

"उतर बे सर्ज्या!" मी ओरडलो.

हा बोर्डावरच उभा. उतरायचं नाव नाही.

"उतरू कसा? नवस फिटला. आता अनवाणी पाय भुईला लावायचा न्हाई."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. चपलांचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं!

वहिनी पुढं आल्या. पिशवीतून नवाकोरा जोड काढला आणि बोर्डापुढं ओल्या वाळूवर ठेवला. सर्जेरावानं हळूच पाय घातले. अगदी मापात.

"कवा घेतल्या गं?"

वहिनी पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "नवस बोलून आलात, त्याच दिवशी."