उलटतपासणी संपल्यावर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होते. फोनवर काकू होत्या, सरांच्या पत्नी. "तुझे सर गेले गं," एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होत आला. लोक सरांच्या जिंकलेल्या खटल्यांविषयी बोलतात. मला मात्र तो एकच खटला आठवत राहतो, ज्यात सर साक्षीदार होते आणि मी आरोपीची वकील.

सरांचा एकुलता एक मुलगा अभय छावणीच्या उतारावर अपघातात गेला. त्याची स्कूटर एका टेम्पोवर आदळली. टेम्पो चालवणारा किसन वेरूळकडच्या खेड्यातला. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचं कडक कलम लागलं, जामीन फेटाळला गेला, आणि तो हर्सूलच्या तुरुंगात पडून राहिला. त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असं आम्हा वकिलांपैकी बहुतेकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. सरांवरच्या मायेपोटीच. सरांच्या कानावर हे गेलं आणि सुतक फिटताच त्यांनी मला घरी बोलावलं. मी त्यांची ज्युनिअर. सरकारी वकिलांना मदत करायची असेल, असं समजून मी गेले. सर म्हणाले, "किसनचं वकीलपत्र तू घे."

सर हळू आवाजात सांगत गेले. मागं एका भाजीवाल्या बाईला मोटारीनं उडवलं होतं. तिच्या घरच्यांसाठी सरच कोर्टात उभे राहिले होते. तो मोटारवाला जामिनावर सुटून त्याच संध्याकाळी स्वतःच्या घरी जेवायला होता. "ती गेली तेव्हा साधं कलम, आणि वकिलाचा मुलगा गेला की कडक. अभयच्या नावानं हा भेद मला नको."

आतून काकू ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि पुढं कित्येक महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. एका आईनं दुसरं काय करावं?

तुरुंगात भेटायला गेले तर किसनचा विश्वासच बसेना. "त्यांनीच धाडलं व्हय तुम्हाला?" तो म्हणाला. "मंग माझं लई अवघड दिसतंय, ताई."

सरांना साक्षीला बोलावलं होतं ते फक्त स्कूटर ओळखण्यापुरतं. न्यायाधीशांनी त्यांना बसायला खुर्ची देऊ केली. सर म्हणाले, इथं बाकीचे साक्षीदार उभेच असतात. सरकारी वकिलांनी आटोपतं घेतलं. मीही दोन-चार प्रश्न विचारून खाली बसले; आणखी विचारण्यासारखं मला काही ठाऊकच नव्हतं. पण सर पिंजऱ्यातून उतरले नाहीत. आपल्याला आणखी सांगायचंय, असं ते न्यायाधीशांना म्हणाले.

"त्या सकाळी अभय मला म्हणाला होता, पप्पा, ब्रेक लागत नाहीये. मी म्हटलं, संध्याकाळी दाखवू." सर न्यायाधीशांकडे वळले. "मी शपथ घेतलीय. हे लिहून घ्या."

वाक्य लिहून होईपर्यंत ते कठड्याला धरून ताठ उभे होते. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून कायदा शिकत होते. तो कायदा माणसाला किती उंच नेऊ शकतो, ते त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलं. कोर्टातल्या कुणालाच सरांकडे धड बघवेना. किसन मान खाली घालून रडत होता.

तो निर्दोष सुटला. सरांसमोर यायचा मात्र त्याला कधी धीर झाला नाही. आला तो थेट सरांच्या तेराव्याला. दाराबाहेर चपला काढून तो तिथंच उभा राहिला. मी काकूंकडे पाहिलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या.

"ब्रेकचं मलाही ठाऊक होतं," त्या त्याला म्हणाल्या. "मी नसतं सांगितलं… आत ये."

त्यांनी त्याला सरांच्या घरातल्या ऑफिसात नेलं. सरांच्या ऑफिसात सगळ्या खुर्च्या एकसारख्या, त्यांची स्वतःचीसुद्धा. कुठं बसावं ते किसनला कळेना.

"कुठंही बस," काकू म्हणाल्या. "त्यांनी मुद्दामच तशा केल्यात."