चाचांना बर्फातलं चालत नाही

हे लिहायचं कधीपासून टाळतोय. दोनदा टाईप करून डिलीट केलं... कारण मलाच अजून नीट कळलेलं नाही. पण आज लिहितोच.

आमच्या तासगावात रफिकचाचांचं मटणाचं दुकान. बर्फात ठेवलेलं मटण विकायचं नाही हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. उरलं तर वाटून टाकतील, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला देणार नाहीत. किडन्या गेल्यापासून एक दिवसाआड सांगलीला डायलिसिस, माणूस पार वाळून गेलेला.

एका सकाळी पुण्याहून फोन आला. किडनी मिळतेय, लगेच निघा. मुलगा दुबईत, आणि गल्लीत गाडी चालवता येणारा रिकामा माणूस म्हणजे मी! चाचा पुढे, चाची मागे... निघालो.

सातारा ओलांडल्यावर चाचांनी विचारलं, आपण पोचेपर्यंत ती किडनी कुठं असती? मी आपलं ऐकलेलं सांगून टाकलं, बर्फाच्या पेटीत. झालं...

शिरवळजवळ (इथं मी एकदा कंपनीत पॅकिंगला होतो, टिकलो नाही, असो) चाचा म्हणाले, "गाडी माघारी फिरव रं. जन्मात बर्फातलं इकलं न्हाई मी. आन् आता बसवून घेऊ व्हय?"

मागून चाची कडाडली, "आवं, तिला शिजवायची न्हाई, चालवायची हाय!"

चाचा ऐकेनात. मी गाडी कडेला घेतली. मला एकच आठवलं... एका सीझनला द्राक्षाची कलमं बांधायच्या कामावर गेलो होतो. काड्या ओल्या गोणपाटात गार ठेवलेल्या, बघितलं तर मेलेल्याच वाटायच्या. पण जमिनीत रुजलेल्या जंगली वेलाच्या खुंटावर बांधल्या की फुटायच्या. ते सांगितलं.

"आन् न्हाई फुटली तर?"

"एखादी न्हाई फुटत, चाचा."

खोटं बोलायला हवं होतं का? चाचांनी शेजारून चाललेली उसाची ट्रॉली पुढं जाऊ दिली. मग म्हणाले, "चल."

ऑपरेशन झालं आणि किडनी नुसती पडून! लघवीच नाही. परत डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, थंडीत ठेवल्यावर तिची भूक कमी होते, म्हणून ती टिकते... पण कधीकधी उशिरा जागी होते. गोठवत मात्र नाहीत, गोठली तर संपलीच. म्हणजे पेटीत ती जिवंत होती की झोपलेली? मी तीन वेळा विचारलं, तरी डोक्यात शिरलं नाही. चाचांच्या नजरेला नजर द्यायचं मात्र मी टाळत होतो.

मग एका सकाळी चाचीचा फोन. रडत होती की हसत होती कळेना. "फुटली रं काडी!"

आम्ही शिरवळला बर्फावरनं भांडत होतो, तेव्हा कुठल्या तरी घरात माणूस गेलेलं होतं. त्या रडण्यातही त्या घरच्यांनी किडनी द्यायला हो म्हटलं. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. आनंद करावा की गप्प बसावं... अजून ठरत नाही. त्यांना हात जोडतो, एवढंच.

थांबा, दारात कोणीतरी हाक मारतंय...

अरे! रफिकचाचा! डॉक्टरांनी एवढ्यात बाहेर पडायला मनाई केलीय, आणि हे तोंडाला मास्क लावून, हातात काळी पिशवी घेऊन उभे. म्हणतायत, "आत्ताचं ताजं हाय. फ्रीजमधी ठेवू नको."