मास्तरांची सीडी

मास्तर खुर्चीत बसलेले मला आठवतच नाहीत. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात ते नक्षी काढायचे आणि मी हिशेब लिहायचो. दोघांत एकच खोली. आलेखाच्या कागदावर उभ्याने काम करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे संगणक आला तोही त्यांनी उंच टेबलावर ठेवून घेतला. पडद्यावर चार चौकोन भरायचे, खोलीला चक्कर मारायची, परत येऊन त्यातले दोन पुसायचे. मी वैतागून म्हणायचो, "मास्तर, बसा की जरा."

"बसायला घरी सोफा हाय की. हितं कशाला?"

मला ते नावाने हाक मारत नसत. माझं गाव मंगळवेढा, म्हणून मीही मंगळवेढा. "काय बे मंगळवेढा, चहा सांगितलास का?" घरी तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम.

नक्षीचं ते सॉफ्टवेअर परवान्याचं होतं. नव्याने टाकायचं झालं तर मूळ सीडीच लागायची. ती कपाटात असे. जवळून जाताना मास्तर दर वेळी कपाटाच्या दारावर बोटांनी टकटक करायचे, "झोपलीय," असं स्वतःशीच म्हणायचे आणि पुढे सरकायचे.

त्या हिवाळ्यात आमच्या रानात ज्वारी भरात आली आणि पाखरं कणसात दाणा ठेवेनात. तेव्हा आमच्याकडे सगळेच जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून रानात सोडायचे. उन्हात त्या लकाकल्या की पाखरं बिचकतात. माझे वडील, अण्णा, फोनवर म्हणाले, "तुमच्या ऑफिसात असत्याल की. आण पिशवीभर." मी कपाटातला भंगार सीड्यांचा ढीग उचलला. त्यात एक साधं पाकीट होतं, वर तेलुगू अक्षरं. मला ती वाचता येत नव्हती. मूळ सीडी चांगल्या छापील डब्यात असणार, असं मी धरून चाललो होतो. पाकीट फेकलं, सीडी पिशवीत टाकली.

संक्रांतीनंतर संगणक बसला. दुरुस्तीवाल्याने आतली हार्ड डिस्क बदलून दिली, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने टाकायचं आलं. मास्तरांच्या सगळ्या नक्ष्या पेनड्राइव्हवर शाबूत होत्या, पण त्या उघडणार फक्त त्या सॉफ्टवेअरमध्ये. मास्तरांनी कपाट उघडलं आणि तेलुगू अक्षरांचं पाकीट कुठं गेलं, असं विचारलं. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. खोलीत फिरत राहिले. मग म्हणाले, "पाकिटावर काय लिवलं होतं, वाचलं न्हाईस?"

"तेलुगू येत नाही मास्तर."

"हात लावू नका, असं लिवलं होतं."

"मग मराठीत लिहायचं की!" माझ्या तोंडून गेलं.

"कारखान्यात सगळ्यांना येतं बे. तूच एकटा निघालास."

कंपनीने फोनवर सांगितलं, सीडी हरवली असेल तर नवीन सॉफ्टवेअर घ्या. खराब झाली असेल तर ती परत पाठवा, बदलून देऊ. मालक नवीन घ्यायला तयार नव्हते, म्हणाले, पुन्हा कागदावर काढा. म्हणजे मास्तरांचं इतक्या वर्षांचं काम कायमचं बंद.  मास्तर मात्र थबकले. "खराब चालती व्हय? चल, मंगळवेढ्याला."

एसटीत जागा असून ते दांडा धरून उभेच. रानात ज्वारी त्यांच्या डोक्याच्या वर. गरगर फिरणारी एकेक सीडी पकडून, उलटून बघत ते पुढे, मी मान खाली घालून मागे. बांधाजवळ ती सापडली. ज्वारीच्या ताटांना घासून चरे पडलेले, चंदेरी थराचे पोपडे निघालेले, पण परवान्याच्या नंबराची चिकटपट्टी टिकून होती. ते दोरा सोडू लागले तसे अण्णा ओरडले, "ती नका काढू मास्तर! तिलाच लई भ्यात्यात पाखरं."

"भिणारच की. ओरिजनल हाय ती!"

मग त्यांनी खिशातून दुसरी एक सीडी काढली आणि त्याच दोऱ्याला बांधली. अण्णांची जागा रिकामी राहू नये म्हणून ती त्यांनी सोलापुरातूनच आणली होती. मला त्यांनी एखादी शिवी हासडायला हवी होती, असं अजून वाटतं. त्या दोऱ्याची गाठ मला जास्त लागली.

बदली सीडी आली. पडद्यावरची पट्टी सरकत होती तेवढा वेळ मास्तर एका जागी उभे होते, त्या खोलीत मी पाहिलेलं तेवढं एकदाच. पहिली नक्षी उघडली, मोरांच्या काठाची. "ह्या मोराचा पाय चुकलाय," म्हणाले आणि चक्कर मारायला गेले.

काम सोडून ते मुलीकडे पुण्याला निघाले, तेव्हा सीडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी मागे सरलो. "माझ्याकडे नको मास्तर."

"दुसऱ्या कुणाला दिली तर तो निवांत झोपंल. तू न्हाई झोपणार. ठेव."

तसंच झालं. कारखान्यात पुन्हा कुणी भंगारात काढू नये म्हणून ती मी घरच्या कपाटात ठेवली आणि येता-जाता दारावर टकटक करू लागलो. बायको हसायची. पुढे सीडी घालायची जागाच नसलेले संगणक आले, सॉफ्टवेअरही बदललं. मास्तरांना हे मी कधी सांगितलं नाही. ते अधूनमधून फोन करून विचारायचे, "हाय का बे?" मी म्हणायचो, "हाय मास्तर." "उघडून बघ." मी खरंच उठून बघायचो.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. ती बोलत होती आणि मी एका हाताने कपाट उघडून उभा होतो. सीडी जागेवर होती.